टीव्हीचा आवाज का वाढला?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, साताऱ्यात एकटे राहतात. आई जाऊन आठ महिने झाले. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं नाव घातलं, पण दोनदा जाऊन बंद केलं. दिवसभर टीव्ही, तोही मोठ्या आवाजात. मी रोज फोन करते, पण 'बरा आहे' यापुढे बोलत नाहीत. भाऊ पुण्याला न्यायचं म्हणतो. न्यावं का?

उत्तर : एवढ्यात नको. गल्ली, वाणी, ओळखीचे डॉक्टर हा त्यांचा आधार अजून शाबूत आहे. पुण्यात सगळे कामावर गेले की दुपार एकट्यानंच काढायची.

आधी कान तपासा. वयानुसार उंच पट्टीचे आवाज पहिल्यांदा जातात, 'स', 'फ' निसटतात. संघाच्या हॉलमध्ये पंखे, घुमणारा माईक, चौघं एकदम बोलणारे. माणूस नुसती मान डोलावतो, एक-दोनदा भलतंच उत्तर जातं आणि मग तो जायचंच सोडतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. कानाचं मशीन लागलंच तर सुरुवातीला घरातच, शांत खोलीत, रोज एक-दोन तास लावून वेळ वाढवत न्यावा. थेट लग्नाच्या हॉलमध्ये लावलं, तर भांड्यांचा खडखडाट सोसवत नाही आणि मशीन कपाटात जातं.

फोनवर 'जेवलात? गोळी घेतली?' एवढंच विचारलं, तर 'बरा आहे' हेच उत्तर येणार. ज्याची सतत नुसती काळजीच घेतली जाते, तो माणूस आतून खचतो. त्यांच्याकडे काही मागा : जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं, घरपट्टीच्या कागदांचा हिशेब. आईचा विषयही टाळू नका, काढा. गोतावळा मोठा नसला तरी चालेल. मनातलं बोलता येईल असे एक-दोघं हवेतच. जुना मित्र वाई-कऱ्हाडला असेल तर वार ठरवून जाऊ द्या, ६५ ते ७५ वयाला एसटीत निम्मं तिकीट आहे.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त पहाटे तीन-चारलाच जाग, जेवण तुटलेलं, कपडे सैल, कशातच मन नाही, 'मी ओझं झालोय' अशी भाषा असेल, तर ते नुसतं दुःख नव्हे. थायरॉइड व बी-१२ तपासून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा; या वयातलं नैराश्यही औषधानं आणि बोलण्यानं बरं होतं. 'जगून काय करू' म्हणाले, तर त्याच दिवशी न्या, त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही बोलता येतं.