राखेखालचा विस्तव आणि प्रार्थना

प्रश्न : आमच्या मंडळीतील तरुणांच्या बैठकीत केल्टिक ख्रिस्ती अध्यात्माचा विषय निघाला. काहींच्या मते ते रोमपासून फुटलेले, निसर्गाची पूजा करणारे स्वतंत्र चर्च होते. हे खरे आहे काय?
– एक वाचक, जालना

उत्तर : ‘केल्टिक चर्च’ नावाची एकसंध संस्था कधीच अस्तित्वात नव्हती. आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स येथे पाचव्या-सहाव्या शतकांपासून जे मठ उभे राहिले, त्यांची उपासना लॅटिनमध्ये चाले आणि त्यांचे पवित्र शास्त्र इतरांचेच होते. मतभेद झाले ते मुख्यतः ईस्टरचा दिवस कसा ठरवावा आणि संन्याशाने डोके कसे भादरावे यांवर. इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थंब्रियाच्या राजाने 664 साली व्हिटबी येथील सभेत ईस्टरबाबत रोमच्या बाजूने निर्णय दिला. एवढ्यावरून फुटीर चर्चची कल्पना रंगवणे योग्य नाही.

निसर्गपूजेचा शब्दही मला मान्य नाही. 615 साली इटलीत देह ठेवणारे आयरिश मठाधिपती कोलंबानस यांची शिकवण अशी, की निर्माणकर्त्याला ओळखायचे असेल तर आधी त्याची निर्मिती समजून घ्यावी. नवव्या शतकातील आयरिश विचारवंत योहान एरियुगेना यांनी तर प्रत्येक दृश्य-अदृश्य वस्तू म्हणजे देवाचे प्रकटणे आहे, इथपर्यंत मजल मारली आणि त्यांचा ग्रंथ 1225 साली पोपच्या आज्ञेने जाळण्यायोग्य ठरला. तरीही या दोघांनी सृष्टीची पूजा करा असे सांगितले नाही. सृष्टीतून पलीकडे पाहा, असे सांगितले.

आणखी एक गोष्ट तरुणांनी विसरू नये. या परंपरेची कोवळी, हिरवीगार बाजूच आज सांगितली जाते, तिची कठोर बाजू मागे राहते. या संन्याशांपुढे आदर्श होता इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांचा. त्यांच्याकडे वाळवंट नव्हते, म्हणून ते समुद्रात गेले. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर स्केलिग मायकेल नावाचा उभा खडक आहे. तेथे सुमारे सहाशे दगडी पायऱ्या चढून गेल्यावर चुना-मातीशिवाय, केवळ दगडावर दगड रचून केलेल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार खोल्या आजही उभ्या आहेत. हात क्रुसासारखे पसरून दीर्घकाळ उभे राहायचे आणि स्तोत्रे म्हणायची, अशी या संन्याशांची साधना असे. जालन्याला स्कॉटलंडचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या बेथेल वसाहतीमुळे परिचयाचे आहे. मात्र ते मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे फार पुढच्या काळातील वेगळ्या प्रवाहाचे होते.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. माझी आजी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकताना तोंडाने काहीतरी पुटपुटत असे. स्कॉटलंडमध्येही अशी प्रार्थना होती, असे वाचनात आले. घरकामातून ध्यानाला निराळा वेळ मिळत नाही. कामाबरोबरच्या अशा प्रार्थनेला ध्यान म्हणता येईल काय?
– एक वाचक भगिनी, गंगाखेड तालुका

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण वाचले ते खरे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर अबकारी खात्यात नोकरी करणाऱ्या अलेक्झांडर कारमायकेल यांनी गेलिक भाषेतील अशा प्रार्थना अनेक वर्षे गोळा केल्या आणि त्यांच्या ‘कार्मिना गाडेलिका’ या संग्रहाचे पहिले दोन खंड 1900 साली निघाले. त्यांनी काही ठिकाणी शब्दांवर हात फिरवला, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. तरीही त्यात नोंदलेला विस्तव झाकण्याचा विधी पाहण्यासारखा आहे.

तेथे लाकूड दुर्मीळ. दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचे थर विटांसारखे कापून, वाळवून जाळत. आपल्या गोवऱ्यांची जागा त्यांनी घेतलेली. झोपण्यापूर्वी घरातील स्त्री निखारे गोलाकार पसरी, त्यांचे तीन सारखे भाग करी आणि मधोमध लहानसा ढीग ठेवी. मग त्या भागांमध्ये एकेक तुकडा असा ठेवी, की त्याचे टोक मधल्या ढिगाला टेकावे : पहिला जीवनाच्या देवाच्या नावाने, दुसरा शांतीच्या देवाच्या, तिसरा कृपेच्या देवाच्या नावाने. वरून राख इतकीच घालायची, की विस्तव दबेल पण विझणार नाही. मग डोळे मिटून, हात पुढे करून ती हलक्या आवाजात प्रार्थना म्हणे. गाय दोहताना, लोणी काढताना, मागावर बसताना अशाच निरनिराळ्या प्रार्थना होत्या.

गंगाखेडच्या जनाबाईंच्या भूमीत राहणाऱ्या आपल्याला, जात्यावर बसून विठ्ठलाला हाक मारणे म्हणजे काय हे मी सांगायला नको. दोन्हीकडे हात कामात आणि चित्त देवाकडे आहे. पण दोन्ही एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. हेब्रिडीजमधील स्त्रीचे तीन भाग म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि तिचा देव माणूस होऊन गोठ्यात जन्मलेला. हा विश्वास काढून घेतला, तर तिची प्रार्थना पोकळ होते.

आता ध्यानाविषयी. केवळ पुटपुटणे म्हणजे ध्यान नव्हे, तेच शब्द रोज त्याच हालचालीला बांधल्यामुळे लक्ष परत परत जागेवर येणे, हे ध्यान आहे. संत पॅट्रिक यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘कवच’ नावाच्या प्रार्थनेत ख्रिस्त माझ्यापुढे, मागे, खाली, वर असा उच्चार येतो, तो याचसाठी. अंग जिथे वळेल तिथे स्मरण असावे. मात्र या परंपरेत एकट्याने चालण्याला फारशी मान्यता नव्हती. प्रत्येकाला आपले मन उघडे करण्यासाठी ‘अनमखारा’, म्हणजे आत्म्याचा सोबती, असावा लागे. तो नसलेला माणूस शिरावाचून धडासारखा, अशी जुनी आयरिश म्हण आहे. आपल्याला अशी एखादी जाणती, तोंडाची घट्ट व्यक्ती जवळपास मिळाली, तर दहा मिनिटे अधिक बसण्यापेक्षा तिच्याशी महिन्यातून एकदा बोलणे मी श्रेयस्कर मानतो.

सुरुवात करायची असेल तर रात्री गॅस बंद करून ओटा पुसण्याची वेळ घ्यावी, कारण चूल गेली तरी दिवस मिटवण्याचे ते काम तसेच राहिले आहे. शब्द आपल्या श्रद्धेतले असावेत आणि थोडे असावेत. आजी जे पुटपुटत असे, त्यातले दोन शब्द जरी आठवत असले किंवा माहेरी कुणा वडीलधाऱ्या बाईला येत असले, तर ते जसेच्या तसे, गावच्या उच्चारासह लिहून आमच्याकडे अवश्य पाठवावेत.