कंट्रोल येतो, नमुना येत नाही

प्रश्न : डेंग्यूच्या आरटी-पीसीआरला (आरएनएचा डीएनए करून तो दर सायकलला दुप्पट करणारी तपासणी) आम्ही विषाणूच्या जनुकाचा २०० बेसचा तुकडा प्लास्मिडमध्ये (जिवाणूतल्या गोल डीएनएत) क्लोन करून पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास पॉझिटिव्ह यायला हवा असा नमुना) म्हणून लावतो. कंट्रोल दर वेळी झकास येतो, पण आधी पॉझिटिव्ह निघालेले नमुने परत लावले की कोरे. शिवाय अधूनमधून नुसत्या पाण्याच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) ३६-३७व्या सायकलला सिग्नल दिसतो. चुकतंय कुठे?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

डेंग्यूचा जीनोम आरएनएचा, तुमचं प्लास्मिड डीएनएचं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरटी, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) पार मेलेलं असलं तरी डीएनए वाढणारच. म्हणजे जी पायरी बिघडायची जास्त शक्यता, तिची परीक्षाच होत नाही. कंट्रोल आरएनएचा हवा. तुकड्याआधी टी७ प्रमोटर (टी७ पॉलिमरेज जिथून आरएनए बनवायला लागतं तो डीएनएचा भाग) असेल तर प्लास्मिड तुकड्याच्या पलीकडे कापून सरळ करा, टी७ पॉलिमरेजबरोबर ३७ अंशांवर दोन तास ठेवा, मग डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि शुद्धीकरणाचा कॉलम. डीएनेजवर डोळे झाकून विसंबू नका. एक वेल आरटी एन्झाइमशिवाय लावा. ती एन्झाइम असलेल्या वेलपेक्षा किमान १० सायकल मागे पडायला हवी, म्हणजे उरलेला डीएनए हजारात एकाच्या आत. आरएनए कंट्रोलही नीट आला आणि नमुने कोरेच राहिले, तर दोष एन्झाइमचा नाही. वारंवार वितळवून गोठवलेल्या नमुन्यांतला आरएनएच तुटला असेल.

आता पाण्याची वेल. तिथे बहुधा कंट्रोलचं प्लास्मिडच शिरतंय. ३,२०० बेसजोड्यांच्या प्लास्मिडचा १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलीटर स्टॉक म्हणजे एका मायक्रोलीटरमध्ये सुमारे २९० कोटी प्रती. नळीच्या टोपणाला चिकटलेल्या मायक्रोलीटरच्या हजाराव्या भागातही २९ लाख! यूएनजी एन्झाइम इथे कामाचं नाही. ते युरॅसिल असलेले जुने पीसीआर-तुकडे खातं, प्लास्मिडमध्ये असतं थायमिन. त्यामुळे स्टॉक मास्टर मिक्सच्या (नमुना सोडून बाकी घटकांच्या मिश्रणाच्या) खोलीत आणूच नका. दुसरीकडे पातळ करून, रोजच्या वापराला हजार प्रतींच्या आसपासचे एकेकदाच वापरायचे वाटे करून ठेवा. आरएनए नुसत्या पाण्यात पातळ केला तर प्लास्टिकला चिकटतो, म्हणून पाण्यात थोडा वाहक टी-आरएनए (प्लास्टिकवरची जागा अडवणारा दुसरा आरएनए) घाला. दहा-दहापट पातळ केलेल्या मालिकेचा उतार (दर दहापटीला सायकलींत पडणारा फरक) −३.१ ते −३.६ मध्ये बसला तर पिपेटिंग ठीक.

पुढचा क्लोन कराल तेव्हा तुकड्यात डेंग्यूत नसलेले २०-२५ बेस घालून त्यांचा वेगळा प्रोब (फक्त तेवढेच बेस ओळखून चमकणारा तुकडा) ठेवा. पाण्याची वेल त्या प्रोबने उजळली, तर चोर तुमचा कंट्रोलच.