लाकडी थरांच्या धनुष्यासाठी साधा सुतारी गोंद चालेल का, की एपॉक्सीच लागेल?

प्रश्नात तुम्ही म्हटलंय की तीन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्य करायचंय, पाठीला, म्हणजे नेमबाजापासून दूरच्या बाजूला, बांबू आहे आणि मुठीचा ठोकळा वेगळा लावायचा आहे. सुतारी गोंद, म्हणजे पीव्हीए, यावर टिकेल का?

टिकेल. फक्त त्यातला पाण्याला दाद न देणारा प्रकार घ्या, टाइटबॉन्ड-३ सारखा. बांबूच्या पाठीची कितीतरी धनुष्यं याच गोंदावर चाललेली आहेत. उद्या फायबरग्लास लावायची हुक्की आली तर मात्र हा गोंद बाजूला ठेवा. पीव्हीए घट्ट होतो तो त्यातलं पाणी लाकडात मुरल्यामुळे, आणि फायबरग्लास पाणी पीत नाही. तिथे सावकाश घट्ट होणारा एपॉक्सीच हवा, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद.

खरी अडचण वेगळीच आहे. पीव्हीएला फट भरता येत नाही. गोंद न लावता दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवा, बोटांनी हलकेच दाबा आणि उजेडासमोर धरा. कुठूनही प्रकाश दिसला तर पुन्हा रंधा मारा. दाबून फट मिटवू असा विचार करू नका, कारण क्लॅम्प काढला की तीच जागा कायम ताणाखाली राहते. हाताने सँडपेपर घासला की कडा नकळत गोल होतात, आणि जोड बहुतेक वेळा कडेपासूनच उघडायला लागतो. म्हणून सँडपेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून वापरा आणि नंतर धूळ नीट झटका.

पट्ट्या इतक्या काटेकोर होत नसतील तर सरळ एपॉक्सी घ्या, तो बारीक फट भरून काढतो. दाबाच्या बाबतीत दोघांचा स्वभाव उलटा आहे. पीव्हीएला क्लॅम्प जवळजवळ आणि घट्ट लागतात. एपॉक्सीला तसंच आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या की पुरतं, दाबही सगळीकडे सारखा पडतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा एपॉक्सी घेऊ नका. पूर्ण पट्टीवर पसरेपर्यंतच तो आळायला लागतो, शिवाय सावकाश होणाऱ्याइतका भक्कमही नसतो. लवकर व्हावं म्हणून हार्डनर (एपॉक्सीचा घट्ट करणारा भाग) जास्त घालणं हा तर शुद्ध वेडेपणा, त्याने गोंद कच्चाच राहतो. आणि हातमोजे घाला. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

पीव्हीएचा दुसरा दोष म्हणजे तो सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. पट्ट्या उलट्या, म्हणजे ओढताना वाकतात त्याच्या विरुद्ध दिशेला, बाकवून चिकटवणार असाल तर त्यातला थोडा बाक नंतर जाणार, तेव्हा हवा त्याहून किंचित जास्त द्या. वापर झाला की दोरी उतरवा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले बरेच एपॉक्सीसुद्धा ५०-६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतात.

क्लॅम्प दुसऱ्या दिवशी काढलेत तरी वाकवायची घाई नको. गोंदातलं पाणी पातळ पट्ट्यांत शिरलेलं असतं, ते निघून जायला आठवडाभर तरी द्या. मधली पट्टी सागवानासारख्या तेलकट लाकडाची असेल तर ॲसिटोनने पुसून, ते उडालं की लगेच गोंद लावा. उशीर केला तर तेल पुन्हा वर येतं.

बाकीच्या गोंदांबद्दल थोडक्यात. रिसॉर्सिनॉल अतिशय भक्कम, पण काळपट रेघ सोडतो आणि त्यालाही चपखल जोड आणि भरपूर दाब लागतो. फेसाळणारा पॉलियुरेथेन फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात जीव नसतो. शिंग आणि कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांच्या) जुन्या धनुष्यांना सरस, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला गोंदच वापरत, आणि त्या कामाला तो आजही उत्तम आहे. दमट हवेत मात्र तो ढिला पडतो.

मुठीजवळ जास्त लक्ष द्या. ठोकळा जिथे संपतो तिथे त्याचं टोक कागदासारखं पातळ होत पट्टीत विरून गेलं पाहिजे. टोक जाड राहिलं तर सगळा ताण तिथे एकवटतो आणि ठोकळा सुटतो, मग गोंद कितीही महागाचा असो.

मुख्य काम करताना त्याच पट्ट्यांचे उरलेले तुकडे त्याच गोंदाने चिकटवून ठेवा. आठवड्याने जोडात पटाशी घालून ते फोडा. लाकडाचे तंतू उपटून निघाले तर जोड पक्का आहे. गोंदाचा थर गुळगुळीत, चकचकीत सुटला तर ते धनुष्य ओढू नका. पट्ट्या सोडवा, रंधा मारा आणि पुन्हा चिकटवा.