अंजन आणि धामण कसं ओळखायचं?

प्रश्न : सोलापूरकडच्या मुरमाड माळावर शेळ्यांसाठी अंजन गवत पेरायचं आहे. मिळालेल्या बियांत दोन तऱ्हा दिसतात. त्यातलं अंजन कोणतं? मागच्या पावसाळ्यात पेरलेलं ताजं बी उगवलंच नाही, ते का?

उत्तर : ही दोन्ही सेंक्रस प्रजातीतली गवतं. तुरा बोटांतून ओढून पाहा. अंजनाचा (सेंक्रस सिलिएरिस) तुरा मऊ आणि लवदार लागतो. दाण्याभोवतीचे केस लांब, फक्त बुडाशी जुळलेले आणि त्यांतला एक बाकीच्यांहून लांब असतो. धामणाचे (सेंक्रस सेटिजेरस, राजस्थानातलं मोडा धामण) केस आखूड, चपटे, कडक. खाली जुळून त्यांची वाटी झालेली असते. पानांवरून ओळखायला जाऊ नका, तुरा येईपर्यंत दोन्ही फसवतात.

वीतभर तरी माती असेल तिथे अंजन पेरा. ते मीटरभर वाढतं, चाराही जास्त देतं. उघड्या मुरमावर धामण बरं. ते बुटकं राहतं, पण कमी पावसात तगतं. पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनीत अंजन घालूच नका, तिथे मारवेल गवत लावा.

न उगवण्याचं पहिलं कारण बहुधा ताजं बी हेच. काढणीनंतर काही महिने ते सुप्त असतं. आदल्या वर्षीचं बी चांगलं उगवतं. दुसरं म्हणजे पोकळ बी. मूठभर चुरडून आत दाणा आहे का पाहा, मग १०० बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते मोजा. तिसरं, खोल पेरणी. एक-दोन सेंटिमीटरपेक्षा खाली गेलेल्या बियाचा कोंब सहसा वर येत नाही.

हलकं, केसाळ बी पाभरीच्या नळ्यात अडकतं आणि वाऱ्यावर उडतं. म्हणून १ किलो बियाला ३ किलो चिकणमाती, १ किलो शेण, १ किलो वाळू घेऊन बेताच्या पाण्यात छोट्या गोळ्या वळा व सावलीत सुकवा. एकरी २ किलो बी, दोन ओळींत दोन फूट अंतर पुरे. पहिल्या वर्षी शेळ्या सोडू नका, कोवळं रोप मुळासकट उपटतं. तुरा धरल्यावर जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर सोडून कापा. खरवडून कापलं की ठोंब मरतात.

प्रश्न : दोन्ही शेजारी पेरली तर संकर होईल?

उत्तर : सहसा नाही. दोन्हींत बहुतेक बी फलनाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. घरचं बी खुशाल धरा. मात्र तुरा एकदम पिकत नाही आणि पिकलेलं लगेच गळतं, तेव्हा दर तीन-चार दिवसांनी हातानेच ओरबाडून घ्यावं लागतं.