लग्नाचे फोटो काढतो, पुण्यात. पोर्टफोलिओ वेबसाइट वर्डप्रेसवर करू की तयार बिल्डरवर?
लाइटरूमचं (ॲडोबीचं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर) सबस्क्रिप्शन आधीच भरत असाल, तर ॲडोबी पोर्टफोलिओ या त्यांच्याच तयार बिल्डरवर करा. मी दोन्ही वापरलंय. वर्डप्रेसमध्ये होस्टिंग, थीम, प्लगइनचे अपडेट सगळं आपल्याच गळ्यात, आणि ऐन लग्नसराईत त्याकडे बघणार कोण? पोर्टफोलिओ त्याच पैशात मिळतो, लाइटरूममधले अल्बम थेट आत घेता येतात, स्वतःचं डोमेनही जोडता येतं (ते मात्र स्वतःच्याच नावावर घ्या, डिझायनरच्या नको). गिऱ्हाइकं लिंक व्हॉट्सॲपवरून मोबाइलवरच उघडतात. निवडक २५-३० फोटो, लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी कलर प्रोफाइल, एवढं पुरतं. फक्त एक लक्षात ठेवा, सबस्क्रिप्शन थांबलं की साइटही बंद पडते.