2.4 मीटरच्या फळीवर कारखाना आणि मालगाड्यांचा मॉडेल रेल्वे लेआउट कसा उभारावा?

तुमच्याकडे भिंतीलगत 2.4 मीटर लांब आणि 40 सेंटिमीटर रुंद फळी आहे, एचओ स्केल (खऱ्याच्या 1/87 आकार) ठरलंय, प्रवासी गाड्या नकोत, फक्त कारखाना आणि मालगाड्या हव्यात. रुळांची आखणी कशी करावी, सगळं खेळण्यातलं न वाटता खरं कसं दिसेल आणि वाघिणी किती घ्याव्यात, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. माझ्या मते तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सुरू होतात. तुमच्या कारखान्यात कोणता माल येतो आणि कोणता बाहेर जातो, हे सगळ्यात आधी ठरवा. रुळांचा नकाशा त्यानंतर.

बरेच जण आधी बसतील तेवढे रूळ बसवतात, उरलेल्या जागेत इमारती ठेवतात आणि आवडतील त्या वाघिणी जमवतात. असा लेआउट फोटोत छान येतो, पण थोड्या दिवसांत बंद पडतो, कारण इंजिनाला हलायला काही कामच नसतं. मालवाहतुकीच्या लेआउटचा खरा आनंद कामात आहे. कोणती वाघीण कोणत्या दाराशी लावायची, का लावायची आणि कशाच्या आधी लावायची, हे ठरलेलं असलं की एवढ्याशा फळीवरही अख्खी संध्याकाळ जाते.

म्हणून असा उद्योग निवडा, ज्याला वेगवेगळा माल वेगवेगळ्या जागी लागतो. नुसत्या गोदामात बंद वाघिणी येतात आणि बंद वाघिणीच जातात. माझा सगळ्यात आवडता उद्योग कागद कारखाना. तिथे लाकडाचे बारीक तुकडे उंच बाजूंच्या उघड्या वाघिणींतून येतात. हे तुकडे वजनाला हलके असल्यामुळे त्या वाघिणी नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. कॉस्टिक सोडा टँकरमधून येतो. कागदाला गुळगुळीतपणा देणारी केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, पाण्यात कालवून टँकरमधूनच येते, पण ती उतरवायची जागा वेगळी. स्टार्च हॉपरमधून, म्हणजे तळातून माल सोडणाऱ्या वाघिणीतून येतो. आणि तयार कागदाचे रीळ बंद वाघिणींतून बाहेर पडतात, तेही छप्पर असलेल्या मालधक्क्यावरून, कारण कागदाला पाणी अजिबात चालत नाही. एकाच कारखान्यात चार प्रकारच्या वाघिणी आणि पाच जागा झाल्या. थोडं सोपं हवं असेल तर सिमेंट कारखाना घ्या: जिप्सम आणि कोळसा आत, सुटं सिमेंट हॉपरमधून आणि पोत्यांतलं बंद वाघिणींतून बाहेर. पोलाद कारखान्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो, पण झोतभट्टी 40 सेंटिमीटरच्या फळीवर नीट उभी राहत नाही. भंगार वितळवून सळ्या बनवणारी छोटी गिरणी मात्र तुमच्या जागेत बसेल.

आता एका सायडिंगवर, म्हणजे माल उतरवायच्या बाजूच्या रुळावर, तीन जागा आहेत असं धरा. बंपरकडच्या, म्हणजे रूळ संपतो त्या टोकाला केओलिन, मध्ये स्टार्च, तोंडाशी कॉस्टिक. टोकाचा टँकर रिकामा झाला. तो काढायचा तर अलीकडच्या दोन वाघिणी आधी बाहेर ओढाव्या लागतात. त्यातला स्टार्चचा हॉपर अर्धाच उतरलेला असेल, तर तो परत नेमका आपल्या नळीशी आणून ठेवावा लागतो. मग भरलेला टँकर टोकाला, त्यामागे हॉपर, त्यामागे कॉस्टिक, या क्रमाने सगळं पुन्हा लावायचं. केवळ एका टँकरच्या बदलीसाठी एवढं शंटिंग, म्हणजे वाघिणींची मागे-पुढे हलवाहलव, निघतं, आणि खऱ्या कारखान्यांतही ते असंच चालतं.

रुळांच्या आखणीसाठी ब्रिटिश मॉडेलर अ‍ॅलन राइट यांचा ‘इंग्लनुक सायडिंग्ज’ हा आराखडा तुमच्या फळीवर व्यवस्थित बसतो. त्यात फक्त दोन सांधे, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटायच्या जागा, लागतात. एक रूळ 5 वाघिणींचा, दोन रूळ 3-3 वाघिणींचे, आणि शंटिंग नेक, म्हणजे वाघिणी ओढून बाहेर काढायचा रूळ, इंजिन अधिक 3 वाघिणी मावतील एवढा. एकूण 8 वाघिणी ठेवायच्या, चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या 5 निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब रुळावर जोडायच्या. आठांतून पाच क्रमाने लावण्याचे 6720 प्रकार होतात. या लांब्या अगदी काटेकोर ठेवा. शंटिंग नेकमध्ये चौथी वाघीण मावायला लागली की कोड्यातली निम्मी चुरस जाते. 40 फुटी वाघीण एचओमध्ये 14 सेंटिमीटर, कपलिंग धरून 15, या हिशेबाने सगळा आराखडा सुमारे 1.9 मीटरमध्ये मावतो. उरलेला अर्धा मीटर शंटिंग नेकच्या बाहेर ठेवा आणि तिथे उचलून बदलता येणारी पट्टी बसवा. तिच्यावर वाघिणी येतात आणि तिच्यावरूनच ‘बाहेरच्या जगात’ जातात. शंटिंग चालू असताना मात्र तिथे फाटक बंद आहे असं समजा. अमेरिकन मॉडेलर जॉन अ‍ॅलन यांचा ‘टाइमसेव्हर’ हा आराखडाही प्रसिद्ध आहे, पण तो मुळात घड्याळ लावून सोडवायचा खेळ आहे आणि त्याचे रूळ खऱ्या कारखान्यासारखे दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला तो सुचवणार नाही.

रूळ फळीच्या कडेला समांतर टाकू नका. तीन ते पाच अंशांचा तिरकेपणा दिला तरी फळीचा चौकोन नजरेतून निघून जातो आणि जागा जास्त खोल वाटते. सगळं कायमचं चिकटवण्याआधी सांध्यांचे कागदी छाप जागेवर मांडा, त्यावर वाघिणी हाताने ढकलून दोन-तीन संपूर्ण शंटिंग करून बघा. कुठे हात पोचत नाही, कुठे कपलिंग सोडवताना इमारत आड येते, हे तेव्हाच कळतं. उंच इमारती मागे, सखल गोष्टी पुढे, आणि जिथे वाघिणी सोडवायच्या तिथे पुढची बाजू मोकळी.

कारखान्याचा आकार हा पुढचा पेच. 200 मीटरची खरी शेड एचओमध्ये 2.3 मीटर होते, म्हणजे तुमची अख्खी फळी. ती पाचपट छोटी केली की कारखाना बाहुलीचं घर वाटायला लागतो. त्यापेक्षा इमारत पूर्ण दाखवूच नका. भिंतीला लागून 3 ते 5 सेंटिमीटर जाडीचा नुसता दर्शनी भाग उभा करा आणि तो फळीच्या टोकापर्यंत जाऊन कापला जाऊ द्या. कारखाना तिथून पुढे चालूच आहे, असं बघणाऱ्याचे डोळे आपोआप धरून चालतात. दारांची आणि खिडक्यांची मापं मात्र खऱ्या प्रमाणात ठेवा, कारण आकाराचा अंदाज माणूस दारावरून घेतो. रुळांवरून आडवा जाणारा पाइपांचा पूल किंवा कन्व्हेयर घातलात तर त्याच्या आडून रूळ बाहेर जातो ते भोकही झाकलं जातं.

कारखान्यातले रूळ मुख्य मार्गासारखे दिसता कामा नयेत. बाजारात सहज मिळणारा कोड 100 रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) 2.54 मिलिमीटर उंच असतो, म्हणजे एचओच्या हिशेबाने खरा 22 सेंटिमीटर. युरोपातल्या मुख्य मार्गांवरचा मीटरला 60 किलो वजनाचा रूळसुद्धा 17.2 सेंटिमीटरच असतो. म्हणून सायडिंगसाठी कोड 83 किंवा कोड 70 घ्या. खडीचा उंच बांध नको, रुळांखाली कॉर्कची पट्टीही नको. रूळ सरळ फळीवर टाका. स्लीपरमधली जागा बारीक खडी, राख आणि मातीच्या मिश्रणाने जवळजवळ भरून टाका, काही स्लीपर अर्धे बुडू द्या. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, मग पाणी घातलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने, म्हणजे खडी हलत नाही. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको. मालधक्क्यापाशी रूळ काँक्रीटमध्ये बुडवलेले फार सुंदर दिसतात. तिथे दोन रुळांमधला भराव रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली ठेवा आणि चाकाच्या कडेसाठी खाच सोडा, नाहीतर रूळ पुसताना काँक्रीट खरवडलं जाईल आणि इंजिन अडखळेल.

मळवण्यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण लेआउट खरा वाटतो तो इथे. पुष्कळ लोक सगळ्या वाघिणींवर एकच तपकिरी पाणी फिरवतात आणि सगळ्या सारख्याच मळक्या करतात. खरी घाण मालाप्रमाणे बदलते. केओलिनच्या टँकरवर वरच्या झाकणापासून दोन्ही बाजूंना वाळलेले पांढरे ओघळ उतरतात. सिमेंटच्या हॉपरवर करडा थर छपरावर आणि खालच्या तोंडांपाशी जमतो आणि पाऊस लागला की तिथेच चिकटून राहतो. कोळशाच्या वाघिणीचा आतला पत्रा गंजून घासलेला, तळाशी काळा. कागदाची बंद वाघीण त्या मानाने स्वच्छ, पण तिच्या दाराभोवती फोर्कलिफ्टचे ओरखडे. जमिनीचंही तसंच. केओलिनच्या नळीखाली रूळ पांढरट, कोळशाखाली काळे, इंजिन जिथे उभं राहतं तिथे दोन रुळांच्या मध्ये तेलाचा गडद पट्टा. एवढं केलंत तर पाटी न लावताही कोणत्या जागी काय उतरतं ते बघणाऱ्याला कळतं.

याखेरीज काही खुणा सगळ्याच वाघिणींवर असतात. चाकांनी उडवलेला चिखल वाघिणीच्या पुढच्या-मागच्या भिंतीवर दोन उभ्या पट्ट्यांत बसतो. छपराचा रंग उन्हाने आधी विटतो. गंजाचे ओघळ रिव्हेट आणि जोडापासून सुरू होतात आणि खाली जाताना पुसट होतात. नंबर वाचता यावा म्हणून कर्मचारी कधी कधी तेवढाच भाग पुसतात, तो चौकोन उजळ ठेवा. पद्धत अशी: आधी मॅट वार्निश, म्हणजे पुढचा रंग धरतो. मग मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून केलेला अगदी पातळ थर. मग ओघळ, बारीक ब्रशने वरून खाली. स्पंजच्या तुकड्याने गंजाचे ठिपके. शेवटी पेस्टल खडूची पूड, आणि पुन्हा मॅट वार्निश. या शेवटच्या फवाऱ्यात पूड बरीच नाहीशी होते, म्हणून ती गरजेपेक्षा थोडी जास्त लावा. आणि मॅट वार्निशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका, पांढरी झाक येते. आठांपैकी एखादी वाघीण जवळपास नवी ठेवा, एखादी पार गंजलेली, बाकीच्या मधल्या. सगळ्याच जर्जर केल्या तर कारखाना चालू आहे की बंद, असा प्रश्न पडतो.

बारकाव्यांत मला सुरक्षेच्या वस्तू सगळ्यात बोलक्या वाटतात: कॉस्टिक सोड्याच्या जागेपाशी आणीबाणीचा शॉवर आणि डोळे धुण्याचं तबक, टँकरच्या नळीखाली गळती धरणारं भांडं, सायडिंगच्या तोंडाशी डिरेलर (सुटलेली वाघीण मुद्दाम रुळावरून उतरवणारा), भिंतीवर ‘माणूस मावणार नाही एवढी कमी जागा’ अशी पाटी. माणसं मोजकीच ठेवा आणि ती उभी, वाकलेली किंवा टेकलेली घ्या. धावणारा पुतळा वर्षभर एका पावलावर तरंगत राहतो आणि तेच डोळ्यात खुपतं.

विजेचं थोडक्यात. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र वायर द्या, जोडपट्टीवर भरवसा नको. सांध्यांचा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, वीज वाहणारा घ्या, कारण शंटिंग इंजिन आखूड असतं आणि वेग अगदी कमी. ताशी 15 किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला 4.8 सेंटिमीटर, या वेगाने तुमची फळी ओलांडायला 50 सेकंद लागतात. इंजिन निवडताना हीच परीक्षा घ्या. 50 सेकंदांत ते कुठेही न अडखळता टोकाला पोचलं पाहिजे. एकाच इंजिनासाठी साधा डीसी कंट्रोलरही पुरतो. तरी मी डीसीसी, म्हणजे इंजिनाला डिजिटल आदेश देणारी पद्धत, घेईन, कारण त्यात इंजिनाला खऱ्यासारखा हळूहळू वेग घ्यायला आणि हळूहळू थांबायला लावता येतं आणि वीज साठवणारा कपॅसिटर डीकोडरला, म्हणजे इंजिनातल्या आदेश वाचणाऱ्या भागाला, जोडता येतो.

वाघिणी आठपासून सुरू करा. कागद कारखान्यासाठी तीन बंद, दोन टँकर, एक हॉपर आणि लाकडाच्या तुकड्यांच्या दोन उघड्या. उघड्या वाघिणींतला माल उचलून काढता येईल असा करा, म्हणजे भरलेली आत गेलेली वाघीण रिकामी बाहेर येते. चाकं धातूची बसवा आणि वजन तपासा. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस अशी आहे, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या वाघिणीला सुमारे 110 ग्रॅम. हलकी वाघीण ढकलताना रुळावरून उतरते, आणि तुमच्या लेआउटवर निम्मं काम ढकलण्याचंच आहे.

चिठ्ठ्यांच्या खेळाला सरावलात की प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करा. त्यावर वाघिणीचा नंबर आणि प्रकार लिहा आणि खिशात एक बिल्टी ठेवा: काय माल, कोणत्या जागी, भरलेली की रिकामी. बिल्टीच्या दोन्ही बाजूंना वर-खाली मिळून चार नोंदी मावतात, दर फेरीनंतर ती फिरवायची. पाच जागांची नावं कार्डांवर आणि इमारतींच्या दारांवर एकसारखी ठेवा. शेजारी उभा असलेला नवा माणूसही मग कार्ड वाचून दुसऱ्या क्रमांकाच्या दाराशी टँकर लावू शकतो.