'चेली' की 'शे'? मूळ शब्द 'त्सेयि'

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या 'नवाजो आरक्षणा'चा (नवाजो ही तिथली मूळनिवासी जमात) मराठी नकाशा करताना तिथल्या प्रसिद्ध दरीचं नाव 'कॅन्यन डी चेली' लिहावं की 'कॅन्यन डी शे'?

आधी ते 'आरक्षण' खोडा. मराठीत आरक्षण नोकरीत नाहीतर रेल्वेत असतं. जमिनीला 'राखीव प्रदेश' म्हणा. १९६९पासून अधिकृत नाव तर 'नावाहो नेशन' असंच आहे. 'नवाजो'ही नको, त्यातलं 'j' हे अक्षर स्पॅनिशमध्ये 'ह' उच्चारतात. स्पॅनिश 'नवाहा' म्हणजे वस्तरा, त्यावरून हे नाव पडलं असं काही जण अजून छातीठोकपणे सांगतात. निव्वळ ध्वनिसाम्य! बेनाविदेस या पाद्र्याने १६३० सालीच 'नावाहो' म्हणजे मोठी शेतं असा अर्थ नोंदवला आहे, आणि शेजारच्या तेवा लोकांच्या भाषेतला 'नावाहू' त्याला दुजोरा देतो.

आता दरी. नावाहो भाषेत 'त्से' म्हणजे खडक, 'यि' म्हणजे आत. त्सेयि: खडकाच्या पोटात, म्हणजेच दरी. स्पॅनिशमध्ये 'त्स' नाही, म्हणून त्यांनी जवळचा 'च' घेतला. 'य'साठी जोड-एल (ll) लिहिला: Chelly. म्हणजे त्यांचं स्पेलिंग त्यांच्याच पद्धतीने वाचलं तर 'चेयी' येतं, मुळाच्या अगदी शेजारी. पुढे इंग्रजी तोंडात त्याचं 'शे' झालं. 'चेली' मात्र कुणीच म्हणत नाही. ते नुसतं अक्षरवाचन आहे. शिवाय 'त्सेयि'चा अर्थच दरी, त्यामुळे 'कॅन्यन डी शे' हा 'सह्याद्री पर्वता'सारखा दुहेरी प्रकार. नकाशात 'कॅन्यन डी शे' ठेवा, खाली बारीक 'त्सेयि' छापा आणि सूचीत 'चेली पाहा शे' अशी नोंद द्या.

पण खरी गंमत 'त्स'ची आहे. 'चाक', 'चूल' यांतला आपला दंततालव्य 'च' जवळजवळ तोच ध्वनी! हिंदीभाषकाला तो शिकावा लागेल, आपल्याला आयता मिळाला आहे. तरी 'चे' लिहू नका. पुढे 'ए' किंवा 'इ' आला की आपली जीभ 'चेहरा', 'चिंच' यांतल्या तालव्य 'च'कडे वळते. म्हणून 'त्से'च लिहावं. शिपरॉक या प्रचंड खडकाचं नावाहो नाव 'त्से बितआई', म्हणजे पंखांचा खडक, तेही याच 'त्से'चं.

हा फरक पुसला तर नकाशाच चुकतो. दरीच्या तोंडावरच्या चिनली गावाचं मूळ नाव 'चिनीली', म्हणजे 'बाहेर वाहतं'. तिथला 'चि' खरोखरच 'चिंच'मधला, फक्त कंठातून झटका देऊन उच्चारलेला, आणि त्याचा अर्थ 'बाहेर'. 'त्से' खडक, 'चि' बाहेर: पाणी खडकाच्या पोटातून निघून जिथे उघड्यावर येतं, नेमकं तिथेच ते गाव आहे.